शेंबडीतला नर

"आज किती मारल्यास?" अव्वानं, माझ्या आईनं, विचारलं.

ती माझं ताट वाढत होती. मान वर केली नव्हती. मी नुकतीच हात धुऊन पाटावर बसले होते आणि बोटांना अजून लिंबाचा वास येत होता, कारण शेंबडीचा चिकटा नुसत्या साबणाला दाद देत नाही.

"सहा."

"सापडला?"

"नाही."

"बरं." तिनं आमटीचं पातेलं माझ्याकडं सरकवलं आणि चुलीच्या कडेला झाकून ठेवलेली वाटी स्वतःच्या ताटात घेतली. त्या वाटीतली आमटी मीठ घालायच्या आधी काढलेली होती. भाजीही तशीच, भाकरीही तशीच.

आप्पा घास हातात धरून तिच्याकडं बघत राहिले. "अगं, दिवसभर मळ्यात राबतीस. अंगात मीठ नको? भोवळ येऊन पडशील कुठंतरी."

"पडलो तर उचला," अव्वा म्हणाली आणि जेवायला लागली. आमच्याकडच्या बाया अशाच बोलतात, "जातो, येतो, पडलो". कोल्हापुरात शिकायला गेल्यावर मी ते सोडलं होतं, आणि घरी आल्यावर त्यावरून टोमणेही खात होते.

ही गोष्ट माझ्या संशोधनाच्या दिवसांतली. आता केस पांढरे झाले, पण त्या भाद्रपदातली घालमेल आठवली की अजून बसल्या जागी पाय हलायला लागतात. शेंबडी म्हणजे बिनशंखाची गोगलगाय. मिरज-शिरोळच्या शिवेवर आमचं गाव, तिथं आमचा पानमळा. पावसाळा मुरला की सावलीत, ओलीत ह्या शेंबड्या वेलावर चढतात आणि कोवळ्या पानांची चाळण करतात. विड्याच्या पानाला भोक पडलं की बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही. दुसऱ्या कुणी औषध टाकलं असतं. आम्ही जैन. मुंगी चिरडली तर दिवसभर तोंड कडू करून बसणारी माणसं. आप्पा संध्याकाळी मळ्यात ओली पोती अंथरायचे, सकाळी त्याखाली जमलेल्या शेंबड्या बादलीत गोळा करायचे आणि ओढ्यापलीकडं बाभळीत सोडून यायचे.

"आप्पा, त्या परत येतात," मी सांगून थकले होते.

"येऊ देत की. आपणबी बाजारातनं घरालाच येतो न्हवं?"

अशा घरातली मी, आणि माझा विषय काय, तर शेंबड्यांच्या अंगात राहणारे सूत्रकृमी. सुतासारखे बारीक, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतील न दिसतील असे. ते ओळखायचे, त्यांचं कूळ ठरवायचं, त्यांना नाव द्यायचं. आणि ते बघायला शेंबडी कापावी लागते. आधी पाण्यानं गच्च भरलेल्या बरणीत बुडवून मारायची, मग पातळ मीठ-पाण्याच्या बशीत उघडायची. नशिबानं म्हणा, आमच्याच मळ्यातल्या शेंबड्यांत मला असे कृमी मिळाले की आमचे साखळकर सर खुर्चीतून उठले. त्यांना कुठल्याही ओळखीच्या जातीशी ते जुळवता येईनात.

"मादी आहे, पिल्लं आहेत, सगळं आहे," सर म्हणाले. "नर कुठाय?"

"नर मिळत नाही, सर."

"मग काही नाही मिळालं. ह्या घराण्यात सगळ्या बायका दिसायला सारख्या. नराची शेपटी बघितल्याशिवाय कूळ कळत नाही. आपल्याकडं मुलीकडचे मुलाचं काय काय बघतात, तुम्ही शेपटी बघा."

ते हसले, मीही हसले. पण खरंच सगळं त्या शेपटीवर अडलं होतं. नराच्या शेपटीला एक पातळ पडदा असतो, त्याला आधार देणारी बारीक बोटं असतात, मध्ये दोन काटे. पडदा कुठवर येतो, बोटं कशी लागलीत, ह्यावरून कूळ. आणि कुळावरून वागणूक. एका कुळातले कृमी शेंबडीत पाहुण्यासारखे राहतात. ती जगते तोवर गप्प, ती आपल्या मरणानं मेली की मग तिच्यावर पोसतात. दुसऱ्या कुळातले तिच्या पाठीच्या कातडीखाली शिरून तिला मारतात. सर ह्या दुसऱ्यांवर डोळा ठेवून होते. तसले निघाले तर विषाशिवाय शेतं साफ करता येतील, असं त्यांच्या मनात होतं. घरी मी फक्त पाहुण्यांबद्दल सांगितलं होतं. दुसरं सांगायची वेळच आली नव्हती, म्हणजे मी येऊ दिली नव्हती.

कोल्हापूरला नेईपर्यंत बसच्या उकाड्यात शेंबड्या विरघळून जायच्या, म्हणून सरांनी सूक्ष्मदर्शक घरी न्यायला दिला. मी तो सोप्यात खिडकीशी मांडला, आणि पाठोपाठ नदीच्या पुलावर पाणी आलं. बस बंद, वीज बंद. खिडकीतला उजेड आणि मी. पहिली शेंबडी बरणीत टाकली तेव्हा अव्वा दारात उभी होती. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "तुझा नर सापडंपर्यंत मी मीठ सोडलो."

भांडणाऱ्याशी भांडता येतं. जो आपलंच ताट उणं करतो त्याच्याशी काय भांडणार? मी भराभर कापायला लागले. लवकर सापडला तर अव्वा लवकर जेवेल, आणि लवकर सापडायचा तर जास्त मारायला हव्यात. जास्त मारल्या की तिचा चेहरा अजून उतरायचा. वर आठवडाभरात पर्व लागणार होतं. आमचे ते दहा दिवस म्हणजे हिरवं पानसुद्धा तोडायचं नाही. पर्वात घरात ही कापाकापी चालू राहिली असती तर अव्वानं आणखी काय सोडलं असतं कोण जाणे. मला झोप येईना. जेवताना, न्हाताना, मळ्यात पोती उचलताना डोळ्यांपुढं त्याच वळवळणाऱ्या माद्या. मी आप्पांवर खेकसायचे, खिडकीत मध्ये कोणी आलं की खेकसायचे. आप्पा म्हणायचे, "नर तिचा हरवलाय आणि शिव्या आम्हाला."

आणि एका संध्याकाळी तो सापडला.

उन्हं कलली होती. शेवटची बशी. मी कंटाळून नुसती बघायची म्हणून बघत होते, आणि माद्यांच्या गर्दीतून एक बुटका, जाडसर शेपटीचा कृमी आडवा गेला. मी श्वास रोखला. तो वळला आणि त्याच्या शेपटीवर पातळ पडदा एकदा पसरला आणि मिटला.

"सापडला!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की परड्यात बांधलेली म्हैस बुजली.

अव्वा पदराला हात पुसत आली. "खरं?"

"खरं! अव्वा, संपलं. संपलं बघ!" मी तिला धरून गरागरा फिरवली. ती "सोड, सोड, पडतो मी" म्हणत हसायला लागली. किती दिवसांनी हसली होती.

आता एकच काम उरलं होतं. त्याला कडकडीत गरम पाण्यानं मारायचं. तसा मारला की तो सरळ होऊन राहतो आणि शेपटीचं सगळं मोजता येतं. गार औषधात टाकला तर वेटोळं करून मरतो, पडदा चुरगळतो, आणि हातात काही राहत नाही. माझ्याकडं नर होता एक. आणि सूर्य तर बुडाला होता. आमच्याकडं सूर्य बुडाला की चूल विझते, मग सकाळपर्यंत ती कुणासाठी पेटत नाही. मी चुलीकडं एकदा बघितलं, अव्वाकडं एकदा बघितलं. आज ती हसली होती. बशीवर ओलं फडकं घालून मी ती टेबलावर ठेवली. रात्रभर तो जिवंत राहणार होता, घाई कशाची?

सकाळी मी न्हाऊन आले तर अव्वा चुलीपुढं बसून उप्पीट खात होती. तिच्या पानात मीठ होतं. मला तिनं बोटानं दाखवलं, लहान मुलीसारखं.

"तुलाबी वाढलंय. आणि तुझी बशीबी धुतली."

मला आधी कळलंच नाही. मग मी सोप्यात धावले. टेबलावर ओलं फडकं घडी करून ठेवलेलं. बशी घासून पालथी.

"अव्वा, बशीतलं पाणी?"

"पाणी गाळलं की. विहिरीचं गाळलं, मग तेबी गाळलं. जिवाणी सोडून आलो."

आमच्या घरात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, हे कुणी सांगायला नको. पण गाळणं तिथं संपत नाही. फडक्यात जे जीव अडकतात ते गाळलेल्या पाण्यानं हळूच धुऊन परत त्यांच्या जागी सोडायचे, विहिरीतले विहिरीत, नदीतले नदीत. त्याला जिवाणी म्हणतात. अव्वानं ते आयुष्यभर केलं होतं, ताप असताना केलं होतं, मी जन्मले त्या सकाळीही केलं होतं म्हणे. माझं काम संपलं असं मीच सांगितलं होतं. संपलेल्या पाण्यातले जीव जिथले तिथं पोचवायचे, एवढं सरळ होतं तिच्या लेखी.

"कुठं सोडलीस?"

"मळ्यात. पोत्याखालच्या शेंबडीतनं काढलास न्हवं तू, मग तिथंच. वेलाच्या बुडाला, ओल्यात."

"अव्वा, तो एकच होता गं!" माझा आवाज फाटला. "एकच! आज मी त्याला..."

तिचा घास पानात खाली गेला. "तूच म्हणालीस संपलं."

"सापडला म्हणजे संपलं असं नव्हतं ते! त्याला मारून, काचेवर घेऊन, बघून मग संपतं. आणि तुला ठाऊक तरी आहे का काय सोडून आलीस? तुझी दया! ते शेंबड्यांना मारणारे असले तर? पाठीत शिरून आतून खातात ते. पोटभर दया करून आलीस मळ्यात!"

"मती!" आप्पा दारातून ओरडले. माझं नाव अनंतमती. आप्पा मला मती म्हणतात, पण असं कधी म्हटलं नव्हतं.

अव्वा माझ्याकडं बघत होती. "असले तर म्हणजे? हैत का न्हाईत?"

"ते नराशिवाय कळत नाही."

तिनं पान पुढं सरकवलं आणि हात धुतले. मीठ दोन घास टिकलं.

त्यानंतर घरात कुणाचाच पाय ठरेना. अव्वा सकाळ-दुपार मळ्यात. पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत, तशी ती अनवाणी, वेलावेलाखाली वाकून, पोती उचलून बघायची. मी तिच्या मागं जायचे, बोलायला काही नसताना. दुसऱ्या दिवशी तिनं एका विड्याच्या पानावर एक मेलेली शेंबडी आणली. पाठीकडचा भाग फुगलेला होता.

"हे त्यांचं काम हाय का?"

"एवढ्यावरनं नाही सांगता येत. मेलेल्यात मातीतलं काहीही शिरतं. कशानं मेली आणि मेल्यावर काय शिरलं, हे वेगळं करता येत नाही."

"मग तुझं शिक्षण काय कामाचं?"

तिनं टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "अव्वा, हे कृमी आपल्याच मळ्यातले आहेत. मी इथल्या शेंबड्यांतूनच काढले. तू सोडले नसतेस तरी होतेच की इथं."

"तवा ते आपल्या मनानं हुते," ती म्हणाली. "आता माझ्या हातानं गेल्यात."

नराशिवायही कळायला दुसरी एक परीक्षा होती, निरोगी शेंबड्यांवर हे कृमी सोडून त्या मरतात का बघायचं. सरांनी तीच केली असती. मी तिचा विचारही मनात टिकू दिला नाही. बरण्या धुऊन उलट्या घातल्या, सूक्ष्मदर्शकावर कापड टाकलं आणि ठरवलं की पूल उघडला की सगळं परत नेऊन द्यायचं आणि दुसरा विषय मागायचा. गांडुळं, नाहीतर शेवाळ. कुणाचा जीव न घेता शेवाळावर पुष्कळ करता येतं.

पर्व दोन दिवसांवर आलं होतं. सकाळी अव्वा सोप्यात आली, हातात आप्पांची बादली. ती तिनं टेबलाशी ठेवली. आत शेंबड्या होत्या, ओल्या पोत्याचा तुकडा वर टाकलेला.

"काप," ती म्हणाली.

मला वाटलं ती मला दुखवायला म्हणतेय. पण ती बरणी सरळ करून त्यात पाणी ओतत होती.

"अव्वा, ह्या मरतील."

"ठाऊक हाय."

"आणि कदाचित ह्यांतही नसेल. नर फार कमी असतात."

"मग आणखी आणतो." बोलताना तिचा आवाज हलला नाही. "मी काय सोडलो ते मला कळाय पायजे. पाहुणे सोडलो का मारेकरी. पर्वात देवापुढं बसून मी काय म्हणू? मला ठाऊक न्हाई म्हणू?"

ज्या बाईनं जन्मात झुरळ मारलं नव्हतं ती मला बादलीभर शेंबड्या आणून देत होती. मला एकदम रडू आलं आणि मी ते दाबून टाकलं, कारण ती रडत नव्हती. मी पहिली शेंबडी उचलली.

"थांब," ती म्हणाली.

तिनं ती माझ्या हातातून घेतली, विड्याच्या पानावर ठेवली, पान तोंडाजवळ धरलं आणि वाकून अगदी हळू णमोकार म्हटला. सगळा. आमच्याकडं मरणाऱ्या माणसाच्या कानात म्हणतात तसा. मग पान माझ्या हातात दिलं.

"अव्वा," मला राहवलं नाही, "शेंबडीला कान नसतात."

"तुझ्या यंत्रात दिसले न्हाईत म्हणून नसतात व्हय?"

बाहेर आप्पा खोकले. हसू दाबायला खोकले असावेत, पण मी वळून बघितलं तेव्हा त्यांनी हात जोडले होते.

असं ते सुरू झालं. एकेक शेंबडी पानावर, एकेक मंत्र, मग बरणी. मी आधी ज्या वेगानं काम करत होते तो वेग गेला. दुपारपर्यंत माझ्या अंगात मुंग्या येत होत्या, "अव्वा, जरा लवकर म्हण की," असं मी एकदा म्हणाले आणि तिनं जे बघितलं त्यानंतर पुन्हा नाही म्हणाले. ती एकही शब्द गाळत नव्हती. बशीमागून बशी मी बघत होते. माद्या, पिल्लं, माद्या. संध्याकाळी आप्पा म्हणाले, "आमच्या घरात शेंबडीला एवढा मान. मी मरताना कुणाला सवड असंल का बघू."

"तुम्ही आधी मरा, मग बघू," अव्वा म्हणाली. पण तिची वाटी अजून चुलीच्या कडेला वेगळीच होती आणि उठताना तिनं भिंतीला हात टेकला. मी तिचा दंड धरला तर तो गार लागला. मी तिला मीठ घे म्हणून विनवलं, रागावले, शेवटी आप्पांना मध्ये घातलं. "उद्या," ती म्हणाली. "उद्या तू सांगितलंस की."

दुसरा दिवस, पर्वाच्या आदल्या दिवसाची दुपार. आकाश उघडलं होतं, खिडकीत चांगला उजेड होता. एका मोठ्या, करड्या शेंबडीत मला तो दिसला. जाड शेपूट, पसरणारा पडदा. ह्या वेळी मी ओरडले नाही. चूल पेटलेली होती. पाण्याला आधण आलं होतं. मी त्याला बारीक सुईनं वेगळ्या बशीत उचललं, पाणी आणलं, ओतलं. क्षणात तो सरळ झाला. काचपट्टीवर घेऊन मी भिंगाखाली सरकवला आणि मोठं भिंग लावलं.

पडदा शेपटीच्या टोकापर्यंत आला होता. बोटं एकेक करून मोजली, परत मोजली. काटे बघितले. शंका नव्हती. मारणाऱ्यांचंच कूळ, फक्त ह्याची जात आजवर कुणी पाहिली नव्हती.

अव्वा माझ्या मागं उभी होती. तिच्या श्वासावरून मला कळत होतं.

एक शब्द पुरेसा होता. पाहुणा. पाहुणा म्हटलं असतं तर ती हसली असती, आमटीत मीठ घेतलं असतं, पर्वात देवापुढं मोकळी बसली असती. तिला शेपटीतलं काय कळणार होतं? तो शब्द माझ्या जिभेवर आला होता, हे मी नाकारत नाही. पण ज्यासाठी तिनं ती बादली उचलून आणली होती, ते मी तिला कसं नाकारणार?

"कुठला?" तिनं विचारलं.

मी भिंगावरून डोळा उचलला नाही. "मारणारा."

मी वळले तर ती जमिनीवर बसली होती, हात मांडीत. आप्पा तिच्याजवळ टेकले. "तू मुद्दाम केलं न्हाईस," ते म्हणाले. "तुला ठाऊक नव्हतं. अजाणता झालं." तिनं हातानं त्यांना गप्प केलं. मला वाटलं आता ती पाणीसुद्धा सोडेल. मी खुर्चीतून उठून तिच्यासमोर बसले.

मग तिनं वर बघितलं. "हा मेला आता?"

"हो. गरम पाण्यानं. लगेच मरतो."

"आधी सांगायचंस की मला."

"का?"

"शेंबड्यांना म्हटलो सगळ्यांना. ह्याला कोण म्हणणार?"

"अव्वा, हा तर मारणारा!"

"मग? त्याला काय मरान येत न्हाई?"

आप्पांनी तोंड दुसरीकडं वळवलं.

मी उठून परत खुर्चीवर बसले, कारण बशी अजून पुरी बघून झाली नव्हती आणि काही न करता बसणं मला जमत नव्हतं. एका नरावर नाव मिळत नाही. जात ठरवायची तर आणखी नर लागतात, हे मी तिला अजून सांगितलं नव्हतं. त्याच करड्या शेंबडीच्या बशीत, एका कडेला, आणखी एक होता. जिवंत. पडदा उघडून मिटत होता.

मी त्याला वेगळ्या बशीत घेतलं, चुलीवरचं भांडं चिमट्यात धरून आणलं आणि वाफ चेहऱ्यावर घेत बशीवर वाकले. मग थांबले.

"अव्वा," मी हाक मारली. "ये. आणखी एक आहे."

ती भिंतीला धरून उठली. बशीवर वाकली, डोळे बारीक केले. "मला न्हाई दिसत."

"नुसत्या डोळ्यांना नाही दिसायचा. यंत्रातून दाखवू?"

"नको. कुठल्या अंगाला हाय तेवढं सांग."

मी बशीच्या डाव्या काठाकडं बोट केलं. तिनं पदर डोक्यावर घेतला, त्या काठाजवळ तोंड नेलं आणि म्हणायला लागली. एकही शब्द न गाळता. भांडं माझ्या हातात होतं, चिमटा जड होत होता, आणि मी तिला लवकर म्हण असं म्हणाले नाही. तिचं पुरं होईपर्यंत पाणी निवलं. मी ते पुन्हा चुलीवर ठेवलं.